गव्हाच्या मुलखातली लहान वस्तुसंग्रहालये

अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे न्यूयॉर्कच्या उंच इमारती उभ्या राहतात, नाहीतर तिकडे नोकरीला गेलेला कुणाचा तरी मुलगा आठवतो. आज मी आपल्याला ज्या अमेरिकेत नेणार आहे तिथे उंच म्हणून दोनच गोष्टी दिसतात. एक धान्याचे कोठार आणि दुसरी गावाचे नाव रंगवलेली पाण्याची टाकी. देशाच्या अगदी मधोमध नेब्रास्का आणि कॅन्सस अशी दोन राज्ये एकाखाली एक आहेत. २०२३ सालच्या सप्टेंबरात नेब्रास्काची राजधानी लिंकन येथले माझे काम आटोपले आणि हाती आठ दिवस शिल्लक राहिले. मी एक मोटार भाड्याने घेतली आणि एकटाच दक्षिणेच्या वाटेला लागलो. सोबत कुणी नव्हते हे एका परीने बरेच झाले. चौघे मिळून गेलो असतो तर आपसातच बोलत बसलो असतो. एकटा असल्यामुळे जो भेटेल त्याच्याशी बोलणे भागच पडले.

हा मुलूख आपल्या माणसाला फारसा परका वाटत नाही बरं का. सप्टेंबरात गहू केव्हाच निघालेला असतो आणि शेतात उभी असते ती चक्क ज्वारी! कमरेएवढी बुटकी, तांबूस कणसांची. तिथे तिला मायलो म्हणतात. अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी कॅन्ससमध्ये पिकते. पण ती जाते बहुतेक गुरांच्या दावणीला. भाकरी म्हणजे काय हे मी एका शेतकऱ्याला पाच मिनिटे समजावून सांगितले. त्याने ऐकून घेतले, पण ही गोष्ट माणसे आवडीने खातात हे काही त्याला पटलेले दिसले नाही.

रस्ते मात्र आपल्यासारखे नाहीत. आपला रस्ता ओढा चुकवतो, देवळाला वळसा घालतो. तिथले रस्ते ताणलेल्या दोरीसारखे सरळ. सरकारी मोजणीदारांनी अगोदर सगळी भूमी एकेक मैलाच्या चौकोनांत आखून घेतली आणि लोक मागाहून आले. एका चौकोनात ६४० एकर. त्याचा चतकोर म्हणजे १६० एकर. हा १६० चा आकडा लक्षात ठेवा, कारण त्या मुलखाची सारी कथा त्याच्यात आहे.

या भागात पाचशे-हजार वस्तीच्या गावातसुद्धा बहुधा एक वस्तुसंग्रहालय असते. कुठे ते बंद पडलेल्या शाळेत, कुठे रेल्वेच्या जुन्या स्टेशनात, कुठे जुन्या बँकेच्या इमारतीत. पुष्कळ ठिकाणी दाराला कुलूप असते आणि शेजारी दूरध्वनीचा क्रमांक लिहिलेला असतो. फोन करा, दहा मिनिटांत कुणी सत्तरी-पंचाहत्तरीचे गृहस्थ किंवा बाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन हजर. पगार नाही, मानधन नाही. आत राजाची तलवार नाही की शिलालेख नाही. लोणी घुसळण्याचे यंत्र, कणसे सोलायची कातडी पट्टी, दवाखान्यातली बाटली, नवरीचा झगा, शाळेतला बाक. पण प्रत्येक वस्तूखाली एक चिठ्ठी असते. ही अमक्या बाईची, त्या अमक्या साली या देशातून आल्या, नातीने ही वस्तू दिली. मी वस्तूंपेक्षा चिठ्ठ्याच अधिक वाचल्या असे म्हणायला हरकत नाही.

पहिला मुक्काम नेब्रास्कातले बिऍट्रिस. त्याच्या शेजारी एक राष्ट्रीय स्मारक आहे आणि ते कुणा सेनापतीचे नसून एका कायद्याचे आहे. अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी त्या कायद्यावर सही केली. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या कोणीही १६० एकर सरकारी जमीन मागावी, तिच्यावर पाच वर्षे राहावे, घर बांधावे, शेती करावी आणि मालक व्हावे. खर्च सगळा मिळून १८ डॉलर. एकट्या बाईलाही जमीन मागता येई. नुकत्याच आलेल्या परदेशी माणसालाही, त्याने नागरिक व्हायचे ठरवले असले म्हणजे. १ जानेवारी १८६३ रोजी, मध्यरात्र उलटताच, डॅनिअल फ्रीमन नावाच्या माणसाने पहिल्या अर्जांपैकी एक अर्ज भरला. ती त्याची जमीन म्हणजेच हे स्मारक. पुढे सुमारे १६ लाख लोकांनी अशी जमीन आपल्या नावावर केली. एकंदर २७ कोटी एकर, म्हणजे त्या प्रचंड देशाच्या भूमीचा जवळजवळ दहावा हिस्सा! स्मारकाच्या आवारात १८६७ सालचे लाकडी ओंडक्यांचे एक घर आणून ठेवले आहे. १४ फूट बाय १६ फूट. त्यात आईबाप आणि दहा मुले राहत. मी दारात उभा राहिलो आणि बारा माणसांची अंथरुणे मनातल्या मनात टाकून पाहिली. ती काही बसेनात.

हे सगळे ऐकायला फार गोड वाटते. पण ही जमीन सरकारजवळ आली कुठून? पूर्वी अशा ठिकाणी हा प्रश्न कुणी काढीत नसे. आता त्याचे उत्तर तिथल्या प्रदर्शनातच मिळते. त्या नदीकाठी ओटो आणि मिसूरिया लोक राहत होते. नेब्रास्का हा शब्दच मुळी ओटोंच्या भाषेतला, अर्थ सपाट पाणी. १८५४ च्या तहानंतर त्यांना तिथेच जवळ एक लहानसा पट्टा राखून दिला. पुढे तोही विकला गेला आणि १८८१ साली त्यांना दक्षिणेकडे, आजच्या ओक्लाहोमात, जावे लागले. एकाचा सातबारा तयार झाला तेव्हा दुसऱ्याचा फाटला, असे आपल्या भाषेत म्हणता येईल. आवारात एक भिंत आहे. ज्या तीस राज्यांत हा कायदा लागू झाला त्यांचे आकार तिच्यावर ओळीने आहेत आणि राज्याची जितकी जमीन अशी वाटली गेली तितकी जागा प्रत्येक आकारातून कापून काढली आहे. नेब्रास्काच्या आकारात जवळजवळ निम्मे भोक आहे. त्या भोकातून पलीकडचे गवत दिसते. सांगणाऱ्याने एवढेच सांगितले आणि पुढचे आपल्यावर सोडले, हे मला आवडले.

शिक्षक बंधुभगिनींना सांगण्यासारखी गोष्ट जवळच आहे. तिथे विटांची एकखोली शाळा आहे. १८७२ साली सुरू झाली, १९६७ पर्यंत चालली. एक खोली, एक शेगडी, एक शिक्षक आणि सगळ्या इयत्ता एकत्र. आपल्या एकशिक्षकी शाळेत काम केलेल्याला काही निराळे सांगायला नको. याच शाळेत बाई मुलांना बायबल वाचून दाखवीत. तो आपला डॅनिअल फ्रीमन म्हणाला, सरकारी शाळेत हे चालायचे नाही. शाळासमिती ऐकेना, तेव्हा गडी कोर्टात गेला आणि १९०२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला. खेड्यातल्या एका खोलीतून निघालेला वाद! तो आज लोकांना ठाऊक आहे, कारण शाळेचे कागद कुणी बंब पेटवायला वापरले नाहीत. आपल्या शाळांतली जुनी जनरल रजिस्टरे, हजेरीपट, भेटीची शेरेबुके आज कोणत्या कपाटात, कोणत्या वाळवीच्या हवाली आहेत, याची मला त्या बाकावर बसल्या बसल्या काळजी वाटू लागली.

तिथून खाली उतरून मी कॅन्सस राज्यात शिरलो आणि काँकॉर्डियाला आलो. या गावातले संग्रहालय मी जन्मात विसरणार नाही. जुन्या रेल्वे स्टेशनात ते आहे आणि त्याचा विषय आहे अनाथ मुलांच्या गाड्या.

हकिकत अशी. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर हजारो मुले निराधार हिंडत. चार्ल्स लोरिंग ब्रेस नावाच्या धर्मोपदेशकाने १८५३ साली मुलांसाठी एक संस्था काढली. त्याचे म्हणणे असे की शहरातल्या गल्लीबोळांपेक्षा पश्चिमेकडच्या शेतकऱ्याचे घर बरे. १८५४ साली पहिली तुकडी रेल्वेने रवाना झाली आणि १९२९ पर्यंत, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, या गाड्या चालू राहिल्या. एकंदर दोन ते अडीच लाख मुले गेली असा अंदाज आहे. आणि ही सगळी पोरकी होती असेही नव्हे. कित्येकांची आई किंवा बाप जिवंत होता, पण पोसण्याची ताकद नव्हती.

गाडी गावात येण्यापूर्वी भिंतींवर जाहिराती लागत. मुलांना न्हाऊ-माखू घालून, स्वच्छ कपडे चढवून चर्चमध्ये किंवा नाटकगृहाच्या रंगमंचावर उभे करीत. शेतकरी येत, पाहत, निवडत. कुणी दंड दाबून पाहिला, कुणी तोंड उघडून दात पाहिले, अशा आठवणी त्या मुलांनी म्हातारपणी सांगून ठेवल्या आहेत. श्रोतेहो, बैलबाजारात उभे राहिलेल्या माणसाला याचा अर्थ मी फोडून सांगायला नको. भाऊ एका गावी उतरे, बहीण पुढच्या. ज्याला कुणी घेतले नाही तो पुन्हा गाडीत चढे. कॅथॉलिक जोगिणींच्या एका संस्थेने पाठवलेल्या तान्ह्या मुलांची घरे आधी ठरलेली असत. मुलाच्या अंगरख्याला क्रमांक शिवलेला, तोच क्रमांक न्यायला आलेल्या माणसाच्या हातात. पार्सल सोडवावे तसे!

या मुलांपैकी काहींना खरोखर मायेचे घर मिळाले, शिकून मोठे झाले. काहींना बिनपगारी गडी म्हणून राबवले गेले. संग्रहालय दोन्ही सांगते. कोणतीही बाजू चमकवीत नाही आणि काळवंडवीतही नाही. गावभर त्या मुलांचे छोटे छोटे ब्राँझचे पुतळे ठेवलेले आहेत. कचेरीपुढे एक पोरगा, दुकानापुढे एक पोरगी, हातात लहानशी पेटी. संग्रहालयातल्या बाईंनी मला सांगितले, “लोक येतात ते बहुधा एकच नाव घेऊन. आमच्या आजोबांचे खरे आडनाव काय होते, एवढंच त्यांना हवं असतं.” मी विचारले, सापडते का? “कधी कधी,” त्या म्हणाल्या, आणि नकाशावर एक टाचणी मला देऊन माझे गाव कुठे ते टोचायला सांगितले. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याशी चार-पाच टाचण्या अगोदरच होत्या. मराठी माणूस माझ्या आधी येऊन गेला असणार.

काँकॉर्डियाहून पश्चिमेला तासाभरावर कॉकर सिटी. नावात सिटी आहे एवढेच. वस्ती साडेचारशेच्या आसपास. इथे सुतळीचा एक गोळा आहे. हसू नका. १९५३ साली फ्रँक स्टोबर नावाच्या शेतकऱ्याने आपल्या कोठारात पडलेले, गवताचे भारे बांधायच्या सुतळीचे तुकडे एकाला एक गाठून गुंडाळायला सुरुवात केली. घायपाताच्या वाखाची ती सुतळी. शेतकरी सुतळी टाकीत नाही, हे तुम्हांआम्हांला माहीत आहे. पण म्हणून तिचा ११ फूट व्यासाचा गोळा? १९६१ साली त्याने तो गावाला देऊन टाकला. आता तो रस्त्याच्या कडेला छपराखाली आहे आणि दर ऑगस्टात गावकरी जमून त्याच्यावर आणखी सुतळी चढवतात. आल्यागेल्यालाही चढवता येते. मीही दोन वेढे घातले. मिनेसोटा राज्यात दुसऱ्या एका शेतकऱ्याचा असाच गोळा आहे आणि खरा मोठा कोणता यावर दोन्ही गावांचा जुना वाद आहे. वाद मिटू नये अशीच दोघांची इच्छा असावी.

त्याच रस्त्याने आणखी दीड तास गेले की निकोडेमस लागते. हा फलक न दिसता मोटार पुढे निघून जाईल इतके लहान गाव. मोजून पंधरा-वीस माणसे. पण हे गाव ज्यांनी वसवले ते कालपर्यंत गुलाम होते. १८७७ साली केंटकी राज्यातून तीनशेहून अधिक काळी माणसे, आपल्या मालकीची जमीन मिळणार या आशेने, रेल्वेने एलिसपर्यंत आली आणि तिथून सुमारे ३५ मैल पायी चालली. जाहिरातीत गाव रंगवून सांगितलेले. एक बाई दूरवर पाहू लागली. घर दिसेना, झाड दिसेना. नवऱ्याने बोट दाखवले. जमिनीतून धूर निघत होता. लाकूड नाही म्हणून आधी आलेल्या लोकांनी जमिनीत बिळे खोदून संसार मांडला होता. ती बाई तिथेच रडू लागली. ही आठवण तिने स्वतः पुढे सांगितली, म्हणून ती टिकली. कित्येक कुटुंबे लगेच मागे फिरली. राहिले त्यांना पहिल्या हिवाळ्यात ओसेज जमातीच्या शिकाऱ्यांनी अन्न दिले असे तिथे सांगतात. ज्यांची जमीन गेली त्यांनी, ज्यांना जमीन कधी मिळालीच नव्हती त्यांना जगवले.

गाव उभे राहिले. दुकाने, शाळा, चर्च. इथला एक रहिवासी, एडवर्ड मकेब, १८८२ साली राज्याचा लेखापरीक्षक म्हणून निवडून आला. मग सगळे रेल्वेची वाट पाहू लागले. १८८८ साली रेल्वे आली ती नदीच्या पलीकडून. दुकानदार उठून पलीकडे गेले. हमरस्ता किंवा एस.टी.चा थांबा चुकला म्हणजे गावाचे काय होते हे आपण पाहिले आहे. तरी निकोडेमस संपले नाही. दर जुलैच्या अखेरीस देशभर पांगलेले वंशज परत येतात, तीन दिवस गाव भरते, आपल्या जत्रेसारखे. १९९६ पासून ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. १९३९ च्या दगडी चावडीत फोटो मांडलेले पाहत मी बराच वेळ होतो. वर पंखा फिरत होता आणि दुसरे कुणी नव्हते.

मग हेज गावावरून दक्षिणेला वळून ला क्रॉस. शेतकऱ्यांनी मुद्दाम पाहावे असे संग्रहालय इथे आहे: काटेरी तारेचे! दोन हजारांहून अधिक प्रकारच्या तारा, वीत-वीत दीड-दीड वीत लांबीच्या, पाटीवर ओळीने ठोकलेल्या. दोन काट्यांची, चार काट्यांची, चक्रीची, पट्टीची. आपण कुंपणाला एक तार ओढतो आणि विसरतो. तिथे ती तार नसती तर शेतीच झाली नसती. कारण त्या गवताळ सपाटीवर झाडे नाहीत. कुंपणाला लाकूड आणायचे कुठून? गुरे तर हजारांनी मोकाट. इलिनॉयमधल्या जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याने दोन तारांच्या पिळात काटा पक्का बसवायची युक्ती काढली आणि १८७४ साली तिचे पेटंट घेतले. पंचवीस वर्षांत सगळा मोकळा मुलूख चौकोनाचौकोनांत बंद झाला. गुराखी आणि शेतकरी यांची भांडणे झाली, तारा तोडल्या गेल्या, गोळ्याही झाडल्या गेल्या. पुढे हीच तार महायुद्धात खंदकांपुढे पसरली. तीही इथे मांडलेली आहे. एका पेटीत कावळ्याच्या जातीच्या पक्ष्याचे घरटे आहे, सगळे तारेच्या तुकड्यांचे. काडी मिळाली नाही, तर त्याने जे मिळाले त्याचे घर केले. माणसांनी तरी निराळे काय केले होते?

तारेला खांब लागतो. तोही लाकडाचा मिळेना, म्हणून त्यांनी दगडाचा केला. त्या भागात जमिनीखाली चुनखडीचा थर आहे. ताजा असताना तो मऊ असतो, वारा लागला की कडक होतो. ओळीने भोके पाडायची, त्यांत पोलादी पाचरी बसवायच्या, एकीमागून एक हातोडा मारीत जायचे. दगड सरळ रेषेत फुटतो. आमच्याकडचे वडार अगदी असाच दगड फोडतात, असे मी तिथल्या गृहस्थांना सांगितले. त्यांनी पाचर माझ्या हातात दिली आणि विचारले, “तुमच्याकडे हिला काय म्हणतात?” मी शब्द सांगितला. त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला.

शेवटचा मुक्काम ग्रीन्सबर्ग. वाटेत किन्स्ली नावाच्या गावात एक पाटी आहे: इकडे न्यूयॉर्क १,५६१ मैल, तिकडे सॅन फ्रॅन्सिस्को १,५६१ मैल. ग्रीन्सबर्गला आहे ती विहीर. १८८७-८८ साली रेल्वेच्या इंजिनांसाठी आणि गावासाठी मजुरांनी कुदळ-फावड्याने खणलेली, दगडाने बांधून काढलेली. ३२ फूट रुंद, १०९ फूट खोल. आपल्या मापाने अठरा-वीस परस. १९३२ पर्यंत गाव तिचे पाणी प्याले. पुढे तीच गावाची शोभा झाली.

४ मे २००७ च्या रात्री पावणेदहाच्या सुमारास या गावावर चक्रीवादळ आले. दीड मैलाहून अधिक रुंदीचे. भोंगे वेळेवर वाजले, लोक तळघरांत शिरले, तरी दहाहून अधिक माणसे गेली. सकाळी पाहतात तो शंभरातली पंचाण्णव घरे जमीनदोस्त. विहीर तेवढी जागच्या जागी. वस्ती चौदाशेची होती, २०२० च्या शिरगणतीत साडेसातशेसुद्धा भरली नाही. गाव उठवावे की सोडून द्यावे, यावर तंबूत सभा झाल्या. जे राहिले त्यांनी नव्या पद्धतीने बांधायचे ठरवले. इमारती अशा की वीज कमी लागावी, आणि गावाबाहेर दहा पवनचक्क्या. २०१२ साली विहिरीवर नवे संग्रहालय उघडले. विहिरीच्या भिंतीला लागून जिना आहे. वर वादळाची हकिकत, खाली पाणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या दुकानात शेजारच्या खुर्चीवर एक वृद्ध शेतकरी येऊन बसले. कुठले, काय, विचारपूस झाली. “विहीर पाहिलीत?” पाहिली म्हणालो. “तुमच्याकडे विहिरी आहेत?” मी सांगितले, आमच्या माण तालुक्यात माझ्या वडिलांच्या वेळी चाळीस फुटांवर पाणी लागे, आता बोअर पाचशे फुटांच्या खाली जाते आणि तरी कोरडे निघते. त्यांनी चहाचा, म्हणजे तिथल्या कॉफीचा, पेला खाली ठेवला. त्या मुलखाखाली पाण्याचा एक अवाढव्य साठा आहे, आठ राज्यांखाली पसरलेला, ओगालाला नावाचा. गेली सत्तर वर्षे पंप लावून तो उपसला जात आहे आणि पश्चिम कॅन्ससमध्ये त्याची पातळी सारखी खाली चालली आहे. त्यांच्या भावाच्या शेतातला पंप दोन वर्षांपूर्वी बंद करावा लागला होता. मका सोडून त्याने पुन्हा ज्वारी धरली होती. तिला पाणी कमी लागते ना. ज्वारीचे नाव निघाले तसे मी त्यांना शाळूचे सांगितले, की आमच्याकडे ती नुसत्या ओलीवर थंडीत येते. त्यांनी खिशातून पेन काढले, कागदी रुमालावर ते लिहून घेतले आणि पेरणी कोणत्या महिन्यात, जमीन कोणती, असे एकेक विचारू लागले.